रूट कॅनलनंतर दाढेवर कॅप: माझा अनुभव

खालची डावी पहिली मोठी दाढ, केसपेपरवर नंबर ३६. रूट कॅनल झालं की ठणका थांबतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण किडीने एखादी भिंत गेलेली असते, रूट कॅनलसाठी वरचं छत कोरलेलं असतं. उरलेल्या पातळ भिंती कडक भाकरी, शेंगदाणे चावताना फाकतात आणि दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की बहुधा दाढ काढावीच लागते. कॅप या भिंती चारी बाजूंनी आवळून धरते.

त्यासाठी हिरडीच्या वर साधारण २ मिमी निरोगी दात सगळीकडून हवा. तो नसताना नुसत्या फिलिंगवर चढवलेली कॅप फिलिंगसकट निघते. कॅप बसावी म्हणून दाढ घासून लहान करतात. त्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

मी झिरकोनियाची, म्हणजे कडक पांढऱ्या सिरॅमिकची कॅप घेतली. तिच्यासाठी चावण्याच्या बाजूने १ ते दीड मिमी घासावं लागतं. आत धातू आणि वर सिरॅमिक असेल तर दीड ते दोन. माप घेण्याआधी दाढ आणि हिरडी यांच्या फटीत बारीक दोरा दाबून बसवतात, म्हणजे हिरडी बाजूला सरते आणि घासलेली कड उघडी पडते. मग पुट्टीचा, म्हणजे माप उमटवणाऱ्या मऊ लगद्याचा ट्रे, चार-पाच मिनिटं तोंड न हलवता. कडेवर लाळ किंवा रक्त राहिलं तर मापात बुडबुडा येतो, आणि नेमकी तिथेच कॅप तोकडी पडते. माप पुन्हा घ्यावं लागलं तर कुरकुर करू नये.

लॅबमधून कॅप यायला आठवडाभर लागला. तोवर तात्पुरती कॅप. तिचं सिमेंट मुद्दाम कच्चं असतं, म्हणून गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची चिकट वडी), चिक्की त्या बाजूला नकोच. फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर न ओढता बाजूने काढायचा.

खरं काम पक्कं सिमेंट लावण्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. शेजारच्या दातांमध्ये फ्लॉस अडकत, टक् करून उतरला पाहिजे. सहज घसरला तर फट आहे, तिथे घास अडकणार. कडेवरून डॉक्टरांची टोकदार सळई फिरताना पायरी लागू नये. चावा बघताना खुर्ची सरळ करून बसावं. दात टेकतात तिथे खूण उमटवणारा निळा कागद चावून डावी-उजवीकडे जबडा घासावा. आधी कॅपच लागते असं किंचितही वाटलं तर लगेच सांगावं. जबडा बधिर असेल तर ते कळतच नाही. उंच भाग घासल्यावर झिरकोनिया पुन्हा गुळगुळीत पॉलिश झाला पाहिजे, नाहीतर समोरची दाढ झिजते.

खानापूर, निपाणीकडून बेळगावला येणाऱ्यांनी यासाठी सकाळची वेळ घ्यावी. जेवताना कॅप उंच लागली तर त्याच दिवशी परत दाखवता येतं. उंच कॅपची सवय होईल म्हणून थांबू नये, दाढेच्या मुळाभोवती सूज धरते.

सिमेंट घट्ट झाल्यावर हिरडीखाली उरलेले कण काढले का, विचारावं. ते राहिले तर हिरडीतून रक्त येत राहतं. पहिला दिवस त्या बाजूने चिकट-कडक काही नको. कॅपला कीड लागत नाही, पण कडेखालच्या दाताला लागते, म्हणून रोज रात्री ब्रश नेमका त्या कडेवर फिरवायचा. कॅप निघालीच तर डबीत ठेवून दवाखान्यात न्यावी. घरी फेविक्विकने चिकटवली तर ती वाकडी बसते आणि डॉक्टरांना नीट काढताही येत नाही.