तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या शेतातला भात

"खाऱ्या जमिनीत तगणारा जीएम, म्हणजे जनुक बदललेला, भात करत होतात ना तुम्ही? सरकारनं अडवला का?" लग्नात, गाडीत, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा हेच. इतकी वर्षं मी मान डोलवत आले.

2001 साली एनएचएक्स-1 हा एकच जनुक घातलेला टोमॅटो लिटरला जवळपास पावणेबारा ग्रॅम मिठाच्या पाण्यावर फळला. हा जनुक मीठ पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाण्याच्या कप्प्यात, कोंडतो. तोच भातात घालायचा, संपलं काम, असं पंचविशीतली मी म्हणायची. बाई गं, मुळातून मीठ वर चढू न देणं वेगळं आणि फुलोऱ्यात दाणा भरणं त्याहून वेगळं! पण ती ऐकली नसती. तिच्या कुंड्यांतली रोपं हिरवीगार होती.

त्या वर्षी श्रावणातल्या उधाणाला आमच्या खारेपाटात बांधाला खांड गेली. लावणी झालेल्या शेतात खाडी शिरली. दिवाळीत घरी गेले तर शेतात पांढरी खार फुललेली. एका कोपऱ्यात तेवढा राता, आमचा जुना लाल भात, उभा होता. काकांनी त्याची लोंबी तळहातावर चोळली, लाल दाणे मला दाखवले आणि म्हणाले, "ह्यानं सोसलं, पण उतारा नाही. तुझं बी दे गो, दोन पायली."

मी म्हटलं, "काका, परवानगी नसलेलं बी बाहेर काढणं गुन्हा आहे." खोटं नव्हतं ते. पण आदल्याच आठवड्यात माझ्या सगळ्यात चांगल्या वाणाच्या लोंब्या मी चिमटीत दाबून बघितल्या होत्या. दाण्यात दूध भरलंच नव्हतं. वीस लोंब्या, सगळी पळिंज, पोकळ. ते मी काकांना सांगितलं नाही. कायदा आयता हाताशी होता.

म्हणून जीएमला विरोध करणारे बरोबर ठरतात का? नाही. शेतात चाचणीच करू दिली नाही तर पळिंज कुठे पडतं हे कळणार कसं? मे 2025मध्ये जनुक-संपादित 'पुसा डीएसटी राइस 1' जाहीर झाला. परका जनुक न घालता एमटीयू 1010 या भाताच्या वाणातलाच एक जनुक बदललाय. आमच्या खारीत तो पोटरीतून पुढे जाऊन भरलेला दिसेपर्यंत मी हो म्हणणार नाही. नाहीही म्हणणार नाही.

काकांनी शेती सोडली. खांड कुणी बुजवली नाही. राता होता त्या कोपऱ्यात आता तिवरं माजलीत. चेन्नईतल्या स्वामीनाथन प्रतिष्ठाननं ज्यांचे जनुक भातात घातले, तीच.