२०० सीसीच्या गाडीला काय काय लावलं आणि त्यातलं काय उरलं

आधीच कबूल करतो, गाडीत बदल करायची सुरुवात मी सायलेन्सरपासून केली. सगळेच करतात. गाडी २०० सीसीची नेकेड बाइक (पुढं प्लास्टिकचं आवरण नसलेली), सिंगल सिलिंडर, कागदावर २३-२४ पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), २०२० ची बीएस-६ वाली म्हणजे कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन. मॉडेल मुद्दाम सांगत नाहीये, नाहीतर विषय तिथंच भरकटतो.

तर पुण्यात नाना पेठेतून साडेनऊ हजाराला सायलेन्सर आणला आणि काय आवाज होता राव. पहिले तीन दिवस मी गरज नसताना पेट्रोल भरायला जात होतो. पिकअप वाढलाय अशी माझी शंभर टक्के खात्री, मित्र निल्या मात्र ऐकायला तयार नाही, म्हणतो मोजून दाखव. मग मोजलं. रविवारी सकाळी सहाला मोकळा सपाट रस्ता, तिसरा गिअर, ४० वर स्थिर धरायची आणि रेस पूर्ण पिळायची, ८० होईपर्यंत. मोबाईल टँकवर चिकटवून मीटरचा व्हिडिओ. एकाच दिशेनं मोजलं तर वारा फसवतो म्हणून जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा, आणि घरी येऊन व्हिडिओवरून सेकंद काढायचे. जुन्या सायलेन्सरवर सरासरी ५.८ सेकंद. नव्यावर ५.८. एकदा ५.७ आलं त्याच्यावर मी दोन दिवस वाद घातला. निल्या म्हणाला, आवाज वाढलाय रे, गाडी नाही वाढली.

वर रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट फटाके. मला ते भारी वाटायचं. आमचे गॅरेजवाले काका म्हणाले, ते भारी नाही, पेट्रोल पूर्ण जळालेलं नाहीये म्हणून ते मागं जाऊन फुटतंय. मग त्यांनी नीट समजावलं. एका स्पीडला आरामात चालवताना इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरकडं बघून पेट्रोल कमीजास्त करत असतो, त्यामुळं तिथं बदल फारसा जाणवत नाही, पण पूर्ण रेस दिली की तो सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीनं भरलेल्या ठरलेल्या मॅपवर (किती पेट्रोल सोडायचं त्याच्या तक्त्यावर) चालतो. मोकळ्या सायलेन्सरनं हवा जास्त यायला लागली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की मिश्रण लीन होतं, इंजिन जास्त तापतं. मग त्यावर उपाय म्हणून पिगीबॅकचा डबा (इसीयूला जोडून पेट्रोलचा हिशोब बदलणारा) घ्या, तो ट्यून करा, म्हणजे साडेनऊ हजाराची वस्तू पचवायला अजून पंधरा-वीस हजार घाला. त्यातून मिळणार किती, तर एखाद-दीड हॉर्सपॉवर. माझं वजन तेव्हा ८४, गाडी १५५, म्हणजे मी दहा-पंधरा किलो कमी केलं तर साधारण तेवढाच फरक फुकटात. हे कळलं तेव्हा मी वडापाव खात होतो.

कायद्याचंही सांगून टाकतो कारण मला ते नंतर कळलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, १८२अ खाली गाडीमालकाला प्रत्येक बदलामागं ५००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आवाजाचं प्रकरण १९० खाली गेलं तर १०००० पर्यंत. पुण्यात पोलिसांनी असल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तर सगळ्यांनीच बघितलेत. मी पकडलो गेलो नाही ते निव्वळ नशीब. आई मात्र खूश होती, म्हणायची तू धनकवडीच्या चढाला लागलास की मला ऐकू येतं, मी भाकरी टाकायला घेते.

मग एअर फिल्टर, इंजिनात जाणारी हवा गाळणारा. धुता येणारा कॉटनचा. हा दोष पूर्ण माझा. तो धुवून वाळवून त्याला मोजून तेल लावावं लागतं, मी तेल कमी लावलं आणि उन्हाळ्यात भोरच्या बाजूला रस्त्याचं काम चालू असलेल्या धुळीतून दोनदा जाऊन आलो. काकांनी फिल्टर काढून आतल्या रबरी पाइपात पांढरं फडकं फिरवलं तर त्यावर पिठासारखी बारीक माती. ती सरळ सिलिंडरमध्ये जात होती. त्याच दिवशी साधा कागदी फिल्टर परत बसवला, विषय संपला.

खरा प्रकार झाला पसरणीच्या घाटात. निल्याकडं दीडशे सीसीची जुनी गाडी आहे, वर चढताना मी त्याला वाईपासून पाचगणीपर्यंत कुठंच पुढं जाऊ दिलं नाही, आणि उतरताना तो गायब. मी प्रत्येक वळणाच्या खूप आधी ब्रेक धरतोय, गाडीचं तोंड खाली बसतंय, मग ब्रेक सोडला की तोंड वर, वळणात गाडी डुलतीये. एका वळणावर समोर एसटी आली आणि ब्रेकचा लिव्हर जवळजवळ मुठीला टेकला. थांबलो, पण कसा ते माझं मला माहीत. वाईत चहाला थांबलो तेव्हा हात कापत होते, निल्या काही बोलला नाही, त्यानं नुसतं हँडलवरच्या डबीच्या काचेकडं बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काका बघून म्हणाले, हे ब्रेक ऑइल आहे का चहा? साडेतीन वर्षांत मी ते एकदाही बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ४ जातीच्या ऑइलचा उकळबिंदू निदान २३० अंश असतो, पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात सतत ब्रेक धरल्यावर कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) तापला की ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर पोकळ. ऑइलची बाटली दोनशे रुपयांच्या आसपास. साडेनऊ हजाराचा आवाज विकत घेतला होता मी आणि दोनशेचं हे नाही.

ब्रेकचे पॅड बदलले, सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घेतले, हजारभर रुपये, पावसात फरक लगेच कळतो. ब्रेक ऑइलचे स्टीलच्या जाळीचे होज (पाइप) नंतर लावले, लिव्हर कडक लागतो, छान वाटतं, पण खरं सांगायचं तर ती हौस आहे, नवीन ऑइलनंच बरंचसं काम झालं होतं.

टायरवर ३४२० छापलं होतं, म्हणजे २०२० सालचा ३४ वा आठवडा. हायवे मारून मारून मागचा टायर मधोमध सपाट झालेला, त्यामुळं गाडी झुकवली की एका काठावरून पडल्यासारखी वाटायची आणि मी समजत होतो मला वळवता येत नाही. मला १३० च्या जागी १५० टाकायचा होता, दिसायला भारी दिसतो. काकांनी सरळ नाही म्हटलं. रिम तेवढीच, त्यावर रुंद टायर चढवला की तो दोन्हीकडून आवळला जातो, आकार बिघडतो, गाडी वळायला जड होते. तोच साइज, फक्त मऊ कंपाउंडचा (मऊ रबराचा) घेतला. पुढचा मागचा मिळून साडेसात हजार. जुना २२ हजार किलोमीटर चालला होता, हा १२ च्या वर जाईल असं वाटत नाही, चालेल.

आणि शॉकअप. ह्याच्यावर कोणीच बोलत नाही कारण ते दिसत नाही आणि वाजतही नाही. पुढच्या शॉकअपच्या नळीवर एक केबल टाय बांधायचा, गाडीवर बसायचं, उतरून पुढचं चाक उचलल्यावर टाय किती सरकलाय ते मोजायचं. माझा ४५ मिलीमीटर सरकला, एकूण दबायची जागा १३०. म्हणजे नुसत्या गाडीच्या आणि माझ्या वजनातच एक तृतीयांशाहून जास्त खर्च, ब्रेकला उरणार काय. काकांनी जुनं ऑइल काढलं तर काळं, त्यात चांदीसारखी चकाकी आणि सडक्या मासळीचा वास, दोन दिवस हाताचा जात नव्हता. आधीपेक्षा एक ग्रेड जाड ऑइल मोजून भरलं, आणि स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहावी म्हणून तिच्या वर ठेवायला प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून त्याचे १२ मिलीमीटरचे दोन तुकडे घासून सरळ केले. पाइप वीस रुपये. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) दोन घरं वाढवला, तो तर फुकट, पाना गाडीच्या किटमध्येच होता, सीटखाली, पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती. सील, ऑइल, मजुरी धरून सतराशे रुपयांत गाडीचं तोंड आपटायचं थांबलं.

पिकअपचं म्हणाल तर एकच गोष्ट आकड्यात दिसली. पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १४ दातांचा काढून १३ चा, तीनशेच्या आत. ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच रस्त्यावर ५.८ चे ५.३ झाले. पण फुकट काहीच नाही. ८० ला जिथं आरपीएम ५८०० असायचे तिथं ६२५० झाले, कोल्हापूरला जाऊन आलो तर बोटं झिणझिणत होती आणि अव्हरेजही पडला. रोज शहरात आणि घाटात फिरणाऱ्यानं जरूर लावावा, मी परत १४ चा टाकला.

गेल्या महिन्यात पुन्हा पसरणी उतरलो. निल्या अजूनही पुढंच होता, पण वाईपर्यंत दिसत होता.

सायलेन्सर निम्म्या किमतीत गेला, कंपनीचा दिवाणाखाली होता तो धुऊन पुसून परत लावला. आई म्हणते, आता कधी येतोस ते कळतच नाही, निघताना फोन करत जा.