गावाला माहीत आहे

शाळेतल्या बाई बडतर्फीचं पत्र घेऊन माझ्या वकिलीच्या ऑफिसात आल्या, तेव्हा त्यात कारण एवढंच होतं: 'अनैतिक वर्तन'. तारीख नाही, कृत्य नाही. घटस्फोट झालेल्या बाई राजारामपुरीत एका विधुर गृहस्थांसोबत राहत होत्या. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही, करवीर तालुक्यातल्या त्यांच्या खासगी शाळेपासूनही नाही.

तीस दिवसांच्या आत कोल्हापूरच्या शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयात, अपील केलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेने चौकशी समितीच नेमली नव्हती, म्हणून आरोप सिद्ध करायला त्यांना न्यायाधिकरणात पुरावा द्यावा लागला.

खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमांत, नियम 28 मध्ये, शिक्षेचं एक कारण असलेलं नैतिक अधःपतन म्हणजे काय ते दिलंय: विद्यार्थ्याशी किंवा कर्मचाऱ्याशी असभ्य वा अनैतिक वर्तन, आणि तशाच स्वरूपाचं दुसरं कृत्य. संस्थेची सगळी भिस्त या शेवटच्या शब्दांवर. त्यांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा घेरुलाल पारख निकालही काढला: 'अनैतिक' म्हणजे लैंगिक अनैतिकता. पण तो खटला सट्ट्याच्या भागीदारीचा, अनैतिक करार रद्द ठरवणाऱ्या, करार कायद्याच्या कलम 23 खालचा. तिथे न्यायालयाने शब्दाला कुंपण घातलं होतं, ते मोडून शब्द बाईंच्या घरात शिरवायचा कसा?

संस्थेचे अध्यक्ष आबा साक्षीला उभे राहिले. हातात फोटो: बाईंच्या दारात उभी स्कूटर, मागे निळ्या पेनाने लिहिलेलं 'रात्री 9.40'.

"आबा, या गृहस्थांचा शाळेशी काय संबंध?"

"काही न्हाई."

"एखाद्या विद्यार्थ्याची, पालकाची तक्रार?"

"तक्रार कशाला? सगळ्या गावाला म्हाईत हाय!"

"वर्गात, शाळेच्या आवारात बाई काय वावगं वागल्या?"

आबा फोटोकडे बघत राहिले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. मग लघुलेखकाला सांगितलं, "लिहा, साक्षीदार उत्तर देत नाही."

दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. युक्तिवादात मी तेही मांडलं, पण माझ्या मते प्रकरण त्या गप्प राहण्यातच संपलं होतं.

बडतर्फी रद्द झाली. निकालाची प्रत हातात घेऊन बाईंनी विचारलं, "मॅडम, तो शब्द यात आहे?"

"पहिल्याच पानावर. आरोप म्हणून लिहावाच लागतो."

"मग दुसऱ्या पानापासून झेरॉक्स काढून द्या. आईला वाचायला द्यायचंय."