शिअर पिनच्या जागी दणकट बोल्ट

कॅनडात बॅरीजवळ एका छोट्या इंजिन रिपेअरच्या दुकानात कामाला आहे मी, उन्हाळ्यात लॉनमोअर आणि हिवाळ्यात स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून बाजूला फेकणारं मशीन. जॉर्जियन बेवरून वारा सुटला की आमच्या पट्ट्यात एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडतो आणि सकाळी दुकान उघडायच्या आत बाहेर पिकअपची रांग लागलेली असते. गेल्या जानेवारीत अशाच एका सकाळी एक मराठी मुलगा स्नो ब्लोअर घेऊन आला, सोबत वडील. साताऱ्याकडचे शेतकरी, थंडीभर मुलाकडे राहायला आलेले. घर गावाबाहेर, ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची वाट, लांबलचक आणि सगळा पाऊण इंची खडीचा.

तक्रार अशी की इंजिन चालतंय, आतला इम्पेलर (बर्फ फेकणारा पंखा) फिरतोय, पण पुढचा ऑगर (बर्फ आत ओढणारा स्क्रू) जागेवरच. काका म्हणाले, "पिना शाबूत आहेत बरं का, मी बघितलंय." पिना म्हणजे ऑगर शाफ्टला अडकवणाऱ्या शिअर पिना.

स्पार्क प्लगची वायर काढली आणि ऑगर हातानं फिरवून बघितला. पिना जागेवर असतील तर तो हातानं फिरायला नको, गिअरबॉक्समधला वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) उलट्या बाजूनं फिरूच देत नाही. हा मात्र गरागरा फिरला. तिथंच पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ गिअरबॉक्स गेला. मग पिन बघितली तर एका बाजूला पिन नव्हतीच, बोल्ट होता, आणि त्याच्या डोक्यावर सहा रेघा. म्हणजे ग्रेड ८, एकदम कडक पोलादाचा, कशानं तुटणार तो.

ज्यांनी हे मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑगर बर्फ ओढून मधे आणतो आणि त्यामागचा इम्पेलर तो वरच्या नळ्यातून लांब फेकतो. ऑगर गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना दोन तुकड्यांत, शाफ्टवर सैल बसवलेला असतो, प्रत्येक तुकडा फक्त मऊ लोखंडाच्या शिअर पिनेनं अडकवलेला. खडा अडकला की पिन तुटते, ऑगर थांबतो, शाफ्ट मोकळा फिरत राहतो आणि आतला ब्राँझचा गिअर वाचतो. पिन कॉफीच्या कपापेक्षा स्वस्त, गिअरबॉक्सचं काम काढलं तर जुन्या मशीनची अर्धी किंमत.

गिअरबॉक्स उघडला तर ऑइल सोनेरी चमकत होतं, सगळा ब्राँझचा चुरा, बोटावर घेतला तर कचकच लागत होती. गिअरचे दात पार पुसलेले. आणि ऑगरभोवतीच्या लोखंडी खोक्यात, म्हणजे हाउसिंगमधे, तळाला लिंबाएवढा दगड अजून तसाच पडलेला.

काका म्हणाले पिना सारख्या तुटायच्या, त्या थंडीत बर्फात गुडघे टेकून किती वेळा बदलायच्या, म्हणून चांगला दणकट बोल्ट टाकला. मी विचारलं, "काका, ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या पीटीओ शाफ्टला शिअर बोल्ट असतो ना, तिथं हाय टेन्साइल, म्हणजे न तुटणारा कडक बोल्ट टाकाल का?" जरा थांबले आणि म्हणाले, "मग गिअरबॉक्सच फुटंल की." म्हणलं तेच झालंय.

पण मला त्यांचं पटत होतं, खरंच. पिना सारख्या तुटत होत्या म्हणजे मूळ दुखणं दुसरीकडंच होतं. मशीन डांबरी ड्राइव्हवेसाठी लावलेलं, मशीन ज्यांवर सरकतं ते खालचे स्किड शूज झिजून पार पातळ झालेले आणि बर्फ खरवडणारी पट्टी, स्क्रेपर बार, जमिनीला टेकलेली, म्हणजे ते बर्फाबरोबर खडीही उचलत होतं. हे मशीन विकणाऱ्यानं घर कुठलं, ड्राइव्हवे कसला एवढं विचारायला पाहिजे होतं, मला याचा खरंच राग येतो.

नवीन गिअर, सील, बेअरिंग घातलं. त्यापेक्षा जास्त वेळ गेला दुसऱ्या बाजूला, कारण तिथला ऑगर शाफ्टवर गंजून चिकटलेला. हे लोकांना माहीतच नसतं, ऑगर शाफ्टला चिकटला तर पिन तुटूनही उपयोग नाही, सगळा झटका सरळ गिअरवर. गरम करून, ऑइल मुरवून, फिरवून फिरवून सोडवला. दर सीझनला पिना काढायच्या, निपलमधून ग्रीस मारायचं आणि ऑगर हातानं फिरवून घ्यायचा, एवढंच असतंय.

मग खडीसाठी बदल. जाड प्लेटचे रुंद शूज बनवले, दोन्ही टोकं वर वळवलेली म्हणजे खडीत रुतत नाहीत, सरकत जातात. स्क्रेपर बारखाली सव्वा इंची फळी ठेवून मशीन त्यावर टेकवलं आणि शूज जमिनीला टेकवून नट आवळले. म्हणजे खाली सव्वा इंच बर्फ राहणारच, राहू दे, खडीवर जमीन दिसेपर्यंत साफ करायचंच नसतं. पहिला बर्फ तर गाडी फिरवून दाबूनच टाकायचा, तो गोठला की खडी त्याखाली धरून राहते, मग शूज थोडे वर घेऊन मशीन खाली आणलं तरी चालतं. इम्पेलरच्या टोकांना कन्व्हेअर बेल्टचे रबरी तुकडे बोल्टनं लावले, सगळे एकाच वजनाचे नाहीतर मशीन थरथरतं. त्यानं हाउसिंगमधली फट बुजते, ओला बर्फ नळ्यात फारसा अडकत नाही, आणि एखादा खडा आलाच तर रबर वाकतं.

मुलाला एक गोष्ट दोनदा बजावली. नळा तुंबला तर इंजिन बंद करून पण हात घालायचा नाही, बेल्टमधे ताण शिल्लक असतो आणि अडकलेला बर्फ सुटला की इम्पेलर झटकन फिरतो, बोटं जातात. त्यासाठी मशीनला प्लॅस्टिकची काठी दिलेली असते, तीच वापरायची. आणि नळ्याचं तोंड खिडकी, गाडी, माणूस यांच्याकडं कधीच नाही.

काकांनी जाताना मूठभर पिना घेतल्या आणि हँडलला पिशवीत बांधून ठेवल्या. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, एक पिन तुटली, स्वतःच बदलली, दगड तेवढा बाजूला काढून ठेवलाय, आणि ग्रीस कुठलं आणायचं ते सांग.