पॉममध्ये नव्हतं, जारमध्ये होतं

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. लॉगफोरजे या जावातल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत सापडलेल्या सुरक्षेच्या भोकाची बातमी फुटली तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत रिलीज सांभाळत होतो. लॉगमध्ये ठरावीक मजकूर उमटवला की बाहेरच्या सर्व्हरवरचा कोड तुमच्या मशीनवर चालवता येत होता. तीव्रता १० पैकी १०. दुपारपासून ग्राहकांचे फोन सुरू : "आमच्याकडे जे चालू आहे, त्यात ते आहे का?"

टीममधल्या एकाने लगेच गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात शोधलं. "अरे, आपल्या पॉममध्ये लॉगफोरजे नाहीच!"

पॉम म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी. तिच्यात खरंच नव्हतं. पण आमची एक सामायिक लायब्ररी स्नॅपशॉट म्हणून ओढली जायची, आणि स्नॅपशॉट म्हणजे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) चालतो त्या क्षणी रिपॉझिटरीत जे असेल ते, त्यामागून येणाऱ्या लायब्रऱ्यांसकट. कोड कोणता होता हे कमिटवरून, म्हणजे गिटमधल्या नोंदीवरून कळतं. जारमध्ये, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलीत काय गेलं, ते बिल्डचा तो रनच सांगणार.

ऑडिटवाल्यांच्या तगाद्यामुळे पाइपलाइनचा, म्हणजे आमच्या आपोआप चालणाऱ्या बिल्डचा प्रत्येक रन एक फाइल मागे ठेवायचा : रन नंबर, कमिट, बटण कोणी दाबलं, डिपेंडन्सी ट्री (आत गेलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी), तयार जारचा हॅश (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा). बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्समधले जुने बिल्ड आम्ही उडवत असू, म्हणून ही फाइल वेगळ्या जागी जायची. तोवर ती कुणी उघडली असेल असं मला वाटत नाही.

ग्राहकांना सांगितलं, सर्व्हरवरच्या जारचा हॅश पाठवा. पहिलाच जुळला, पण त्या कमिटवर दोन रन झालेले. नंतरच्या ट्रीमध्ये लॉगबॅक ही वेगळीच लायब्ररी, आधीच्यात लॉगफोरजे-कोर २.१३.३, म्हणजे भोकवाली आवृत्ती. ग्राहकाकडे आधीचा! नुसता कमिट पाहिला असता तर "निर्धास्त राहा" असं उत्तर गेलं असतं.

एक हॅश मात्र कुठल्याच रनशी जुळेना. जार मागवून उघडला. मॅनिफेस्ट या आतल्या माहितीच्या फाइलीत 'बिल्ट-बाय'पुढे कंपनी सोडून गेलेल्या एकाचं नाव. म्हणजे लॅपटॉपवर बनवून थेट चढवलेला. कमिटचा पत्ता नाही. जारच्या आतले जार उघडत गेलो, तेव्हा भोकाचं मूळ असलेला जेएनडीआय-लुकअपचा क्लास सापडला. तेवढा काढून सर्व्हर पुन्हा सुरू केला. पाइपलाइनमधला नवा जार नंतर चढवला. एवढ्या एका जारने बाकी सगळ्या ग्राहकांपेक्षा जास्त वेळ खाल्ला.

लॉगफोरजेच्या २.१५.० या दुरुस्त आवृत्तीने भागलं नाही. महिना संपेपर्यंत २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ आल्या, आणि दर वेळी तोच प्रश्न. फरक इतकाच, की आता ग्राहक मेलमध्ये हॅश आधीच जोडून पाठवत होते.