अचानक आलेली मालकाची खुर्ची

आजचा दिवस एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेडच्या फायलींत गेला. बाप-लेक असे दोनच संचालक, त्यातले वडील गेले. आता सगळं लेकीवर. अशा वेळी लोक आधी गिऱ्हाइकांना फोन लावतात. माझ्या मते आधी बँक. दोघांच्या सहीने चालणारं खातं तिथेच थांबतं, पगार अडकतात. सही बदलायला बोर्डाचा, म्हणजे संचालक मंडळाचा, ठराव हवा, आणि बैठकीला किमान २ संचालक. एकटा उरलेला संचालक फक्त रिकामी जागा भरू शकतो किंवा सर्वसाधारण सभा बोलावू शकतो. म्हणून दुसरा संचालक नेमणं हेच पहिलं काम: डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक), डीआयआर-२ या फॉर्मवर त्याची संमती, मग नेमणुकीपासून ३० दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे कंपनी निबंधकांना नेमणूक कळवणारा फॉर्म.

तारखा कुणासाठी थांबत नाहीत. टीडीएस (कापून घेतलेला आयकर) महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, पीएफ-ईएसआय (कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि विमा) १५ पर्यंत, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) २० पर्यंत. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतात, तेव्हा सरकारी पोर्टलवर नंबर बदलेपर्यंत ते सिम बंद पडू देऊ नका. त्यांची डिजिटल सही मात्र कितीही घाई असली तरी वापरायची नाही.

आणि फोरमनकाकांजवळ पहिल्याच आठवड्यात निवांत बसा. कुणाला तोंडी किती दिवसांची उधारी दिलीय, कुठला डाय (साचा) दुरुस्तीला बाहेर गेलाय, हे टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नसतं. वहीत लिहून घ्या.