लहान फ्लेमिंगो गुलाबी नसतो

लहान वयाचा फ्लेमिंगो आधी मळकट राखाडी असतो, मग पांढुरका होतो. खाण्यातल्या शेवाळातलं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य अंगात भिनत भिनत दोन-तीन वर्षांनी त्याच्यावर खरा रंग चढतो. ठाणे खाडीत उतरणाऱ्या थव्यांत असे राखाडी पक्षी पुष्कळ असतात. आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर मात्र ते सापडत नाहीत, कारण फोटो एडिट करताना रंग गडद करणारी सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे सरकवली की सगळा थवा एकदम वयात येतो.

मी काही वर्षं एका दैनिकासाठी फोटो काढायचे. हल्ली लग्नं करते आणि उरलेल्या वेळात नवी मुंबईतल्या नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीवर जाते. लग्नाच्या अल्बममधून नवऱ्यामागचं केटररचं पिंप, मामांच्या शर्टावरचा आमटीचा डाग, नवरीच्या कपाळावरची पुटकुळी हे सगळं मी बिनदिक्कत उडवते. तो अल्बम पुरावा म्हणून कुणी उघडत नाही. (सासरचे उघडतात, पण ते वेगळ्या कारणासाठी.)

बातमीच्या फोटोत क्रॉप चालतो. काळवंडलेला चेहरा थोडा उजळलेला चालतो. डार्करूममध्येही तेच व्हायचं. पण असलेली वस्तू काढायची नाही, नसलेली घालायची नाही. 2013 मध्ये सीरियाच्या युद्धात फोटोग्राफर नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी काढलेल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. तो त्यांनी पुसला. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या ज्या टीमला त्याच वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, तिच्यात हे होते. तरी जानेवारी 2014 मध्ये एपीने त्यांच्याशी काम थांबवलं. त्यांचे बाकीचे शेकडो फोटो तपासले, त्यांत काही निघालं नाही, पण निर्णय बदलला नाही.

माझा एक मित्र म्हणतो, हे अतीच झालं, कॅमेरा असला काय नि नसला काय, लढाई तीच. मला नाही पटत. तिथे आणखी कुणीतरी शूटिंग करत होतं, हे बघणाऱ्याला कळलं तर काय बिघडतं? शिवाय बिनमहत्त्वाचं काय ते पुसणाऱ्यानेच ठरवायचं असेल, तर डेस्कवर बसलेल्या माणसाने पुढचा फोटो कशाच्या भरवशावर लावायचा?

खरी पंचाईत दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्यांची. अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरींचं नाव बातमीच्या फोटोंनी झालं. 2016 मध्ये इटलीतल्या प्रदर्शनात त्यांच्या क्युबातल्या एका फोटोत खांबाचा तुकडा भलत्याच जागी उमटलेला दिसला, मग लोकांनी जुने फोटोही खणले. त्यावर ते म्हणाले, मी आता चित्रांतून गोष्टी सांगणारा आहे. असाल, पण मग ते आधी सांगायला हवं होतं.

पक्ष्यांच्या फोटोचंही मला तसंच वाटतं. तो काढणाऱ्याच्या मनात कला असते, पण बघणारा त्याच्याकडे खबर म्हणून बघतो. 2024 च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो मेले. तलावात भरतीचं पाणी पोचत नाही, अशी ओरड तेव्हा चालू होती. अशा वेळी निळ्याशार पाण्यात गुलाबी थवा असा घोटलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि खाली कुणीतरी लिहितं, बघा, सगळं मस्त आहे की! कॅप्शन वाटेतच कुठेतरी गळून गेलेली असते.

म्हणून आमच्या सोसायटीच्या कॅलेंडरवरून वाजलं. चेअरमन काकांना माझा खाडीचा एक फोटो आवडला. चिखलात चोच उलटी खुपसून चरणारे पक्षी, पायांशी अडकलेला थर्माकोलचा तुकडा, मागे हायटेन्शनचा टॉवर. "अगं, तो टॉवर तेवढा उडव की. आणि उभा कर, कॅलेंडर उभं आहे." उभ्यासाठी तर नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिडच एकमेकांजवळ सरकवले होते, त्याची आजपर्यंत आठवण काढतात. मी म्हटलं, काका, उभा क्रॉप देते, टॉवर राहील. त्या फोटोत तो टॉवर आणि तो थर्माकोलच तर नवी मुंबई आहे. नाहीतर ते पक्षी कुठलेही.

बदल्यात दुसरा फोटो दिला. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर, म्हणजे बरंच संथ ठेवून, उडत्या थव्याबरोबर कॅमेरा फिरवत घेतलेला. एकही पक्षी धड दिसत नाही, नुसते गुलाबी-काळे फराटे. कॉम्प्युटरवर काडीचाही बदल केलेला नाही, पण हा बघून खाडीची तब्येत कशी आहे असं कुणी विचारणार नाही.

"अगं, हा तर हललाय!"

"हलवलाय, काका."

कमिटीने शेवटी गेटजवळच्या गुलमोहराचा फोटो छापला. त्याखालची कचराकुंडी कुणीतरी पुसली आहे. मी नव्हे.